बारा तारांना महोगनीच बरी

माझ्याकडे टेलर या अमेरिकन कंपनीची लिओ कॉटकी सिग्नेचर, म्हणजे त्या वादकाच्या नावाची बारा तारांची गिटार आहे, हे कळलं की गिटारी जमवणारी माणसं तिच्या पाठीच्या लाकडाबद्दल पहिला प्रश्न विचारतात, "रोजवूड?" मी "महोगनी" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर स्थळ चांगलं आहे पण पत्रिका जुळत नाही असे भाव येतात. सॅन दिएगोत राहून, टेलरच्या एल काहोनच्या कारखान्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, हे भाव मी बरेच पाहिलेत. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

कॉटकी म्हणजे 1969 मध्ये गिटारवादक जॉन फाहीच्या टाकोमा या रेकॉर्ड कंपनीतर्फे निव्वळ गिटारवादनाची तबकडी काढून गाजलेला माणूस. त्या काळी त्याच्या हातात गिब्सनची बी-45 होती, बारा तारांची, तीही महोगनीच. टेलरने त्याच्या नावाचं मॉडेल 1990 मध्ये आणलं. जंबो आकार, एका बाजूला वरच्या पट्ट्यांपर्यंत हात पोचावा म्हणून दिलेला काप, सिटका स्प्रूस लाकडाची तबली (तारांखालची पुढची फळी), पाठ आणि कडा महोगनीच्या, बोटांखालची पट्टी एबनीची. शिंपल्याची वेलबुट्टी बघून गिटार घेणाऱ्यांना हिच्यात भाळण्यासारखं फारसं काही नाही. आता हे मॉडेल बनत नाही, त्यामुळे जुन्या गिटारींच्या बाजारात हिला संग्राह्य वस्तूचा मान मिळालाय आणि किमतीही त्याच थाटाच्या. माझी मी एका निवृत्त शिक्षकाकडून घेतली. त्यांची बोटं आखडायला लागली होती.

हिची खरी गंमत कशात आहे, तर कॉटकी बारा तारा नेहमीच्या सुरात लावतच नाही. तो अख्खी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवतो, ई पासून सी शार्पपर्यंत. आपल्या हिशेबात पेटीवरच्या तीन पट्ट्या.

यामागचा हिशोब मला फार आवडतो (पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, सोडवत नाही). साध्या सहा तारांच्या गिटारीवर मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलोचा ताण असतो. बारा तारांच्या गिटारीवर नेहमीच्या सुरात तो शंभर किलोच्या बराच वर जातो. खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या सप्तक वरची बारीक तार, उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरातल्या. यात सगळ्यात उंच सूर पहिल्या तारेचा नसतो, तिसऱ्या जोडीतल्या बारीक 'जी'चा असतो, 392 हर्ट्झ. हीच तार पटापट तुटते आणि तुटताना हाताला प्रसाद देऊन जाते. आता सगळं तीन पट्ट्या खाली आणा. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्याच तारा ठेवल्या तर जवळजवळ तीस टक्के ताण कमी होतो. ती छळवादी 'जी' 330 वर येते, म्हणजे साध्या गिटारीच्या पहिल्या तारेइतकी. आणि वाचलेल्या ताणात तुम्ही जाड तारा चढवू शकता. मग खालचा सूर 69 हर्ट्झला घुमतो. नेहमीच्या बारातारीतली ती काचेच्या बांगड्यांची किणकिण मागे पडते आणि पोटातून आवाज येतो. अशी खाली लावलेली बारातारी जुना अमेरिकन ब्लूज गायक लेडबेली याच्या काळापासूनची आहे. त्याची स्टेला गिटार तर जर्सी सिटीत बनणारं स्वस्तातलं वाद्य होतं.

आता लाकूड. रोजवूडची पाठ जड, कठीण, वाजवल्यावर बराच वेळ गुणगुणत राहणारी. महोगनीची घनता तिच्या साधारण दोन तृतीयांश, कंपन लवकर गिळणारी. सहा तारांना रोजवूड भरणा देतं, कबूल. पण बारा तारांत जोडीतल्या दोन तारा कधीच नेमक्या एका सुरात नसतात, त्यांचे उपस्वर एकमेकांत लहरत असतात. भरणा आधीच उतू जातोय. त्यात पाठीनेही गुणगुण धरली की जलद वाजवताना चिखल होतो. महोगनी तिथे गप्प बसते. मला हे शहाणपण वाटतं.

रोजवूडचा मोह आला कुठून, याचं उत्तर अर्धं आपल्याकडे आहे. आधी मान ब्राझीलच्या रोजवूडचा होता. ते मिळेनासं होऊ लागलं. रुंद फळ्या मिळत नाहीत म्हणून मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने 1965 मध्ये तीन तुकड्यांच्या पाठीची डी-35 काढली, बारा तारांची डी12-35 पण. आणि 1969 मध्ये कंपनी भारतीय रोजवूडवर आली. भारतीय रोजवूड म्हणजे आपला शिसव, ज्याचे पलंग आणि देव्हारे आजोळच्या घरांत आहेत. संग्राहक आजही 1969 च्या आधीची मार्टिन आणि नंतरची मार्टिन यांत जमीन-अस्मानाचा फरक करतात, आणि तो फरक मुख्यतः पैशांत मोजतात. ब्राझिलियन रोजवूड 1992 पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, त्यामुळे ती गिटार घेऊन सरहद्द ओलांडायची तर परवानग्यांची भेंडोळी. महोगनीही 2003 पासून दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण ते निर्बंध ओंडके, फळ्या, व्हिनिअर आणि प्लायवुडवर, तयार वाद्यावर नाहीत. (गावाकडचा चुलतभाऊ महोगनी लागवडीच्या जाहिराती वाचून विचारत असतो, महोगनी लावली तर एकरी किती कोटी होतात म्हणे? बाबा रे, जाहिरातीतला आकडा जाहिरातीतच राहू दे.)

पण लाकडाचा ढोल मी फार पिटत नाही. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच बनावटीच्या सहा गिटारी, फक्त पाठ आणि कडांचं लाकूड वेगळं, त्यात ब्राझिलियन रोजवूडही होतं आणि महोगनीही. 52 वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. गुण जवळपास सारखेच पडले. त्याच्याही आधी, 1995 मध्ये, टेलर कंपनीच्या संस्थापकांपैकी खुद्द बॉब टेलरने माल लादायच्या टाकाऊ पॅलेटच्या ओक लाकडाची गिटार बनवून दाखवली होती. म्हणून माझा क्रम असा: आधी सूर कुठे लावलाय, मग तारांची जाडी, मग तबली, मग बनवणाऱ्याचा हात, आणि त्यानंतर पाठीचं लाकूड. रोजवूडसाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनी ते डोळ्यांच्या सुखासाठी मोजावेत, कानांचं नाव पुढे करू नये.

हे सगळं मी आमच्या मिरजेत, सतारमेकर गल्लीत, एका वयस्कर कारागिरांना सांगितलं. गिटार बरोबर नेली होती. गेल्या सुट्टीत भाचीला दाखवायची म्हणून नेली आणि पहिली गल्लीतच उघडली. शिकलगारांच्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यांनी तिथे तंबोरे-सतारी बनवायला घेतल्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

चाचांनी तारा मोजल्या. "बाराच्या बारा वरनंच वाजवायच्या? तरफ एकबी नाही?"

तरफ म्हणजे सतारीत खाली आपोआप झंकारणाऱ्या तारा. "नाही चाचा."

मग त्यांनी गिटार उलटी करून पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. कान लावला. परत टकटक. "तुणाचं हाय काय?"

मी चकित झाले. तून म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या तबलीचं नि दांडीचं लाकूड. महोगनी तून नाही, पण वनस्पतिशास्त्रात दोघं एकाच कुळातली, कडुलिंबही त्यातलाच. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना काही विशेष वाटलं नाही. वाजतंय तसं, म्हणाले, आणि ब्रिजकडे वळले. तिथे मात्र त्यांना पटेना. तारा हाडाच्या धारेवरून सरळ खाली उतरतात, घोडीला रुंदी नाही, जवारी (तार घोडीला हलकी घासून झणकारावी म्हणून घोडीला दिलेला उतार) काढायला जागाच नाही.

"आमच्याकडं तार झणकारली तर गिटार बिघडली म्हणतात," मी म्हटलं.

"मग बारा कशाला लावल्या?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी ती हाडाची धार, म्हणजे सॅडल, काढून हातात घेतलं, जाडी पाहिली, आणि यापेक्षा रुंद तुकडा आण, फक्त जाड तारांपुरती जवारी काढून देतो म्हणाले. टेलरचं सॅडल खाचेत नुसतं बसवलेलं असतं, मूळचं जपून ठेवायचं आणि हवं तेव्हा परत घालायचं. पण खाच जेमतेम तीन मिलिमीटर, आणि ती रुंद करू देणार नाही, संग्राह्य वस्तू ना! खाली अरुंद आणि वर रुंद असा टी आकाराचा हाडाचा तुकडा घडवता येईल असं मला वाटतंय. कागदावर काढलाय. पुढच्या खेपेला दोन कोरे तुकडे घेऊन जाणार आहे, एक बिघडवायला.