"का" विचारायची सवय लागते कशी

टोयोटाची "फाइव्ह व्हाय" पद्धत भोसरी-चाकणच्या कुठल्याही कंपनीत विचारा, सगळ्यांना पाठ असते. प्रॉब्लेम आला की पाच वेळा "का" विचारायचं. पण होतं काय, कस्टमरला रिपोर्ट पाठवायची घाई असते, मग शेवटचं उत्तर आधीच ठरतं, "ऑपरेटरची चूक, ट्रेनिंग दिलं", की फाईल बंद. मला याचा फार त्रास होतो, कारण शिकण्यासारखं जे असतं ते नेमकं तिथेच राहून जातं.

आमच्याकडे एका सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) सकाळच्या शिफ्टचे पहिले काही पीस बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, साईजबाहेर जायचे, नंतर दिवसभर सगळं ओके. शेरा एकच, सेटिंग नीट करा. मी जाऊन मशीनपाशी उभा राहिलो, मशीन चालवणाऱ्या काकांना म्हटलं तुम्हाला काय वाटतं, तर ते लगेच म्हणाले, "साहेब, सकाळी मशीन गार असतंय ना." बास, एवढंच होतं! स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, फिरून तापला की धातू काही मायक्रॉन प्रसरण पावतो आणि मग साईज स्थिर होते. आता पहिला पीस लावायच्या आधी मशीन थोडा वेळ नुसतं फिरवतात. काकांना हे कित्येक वर्षं माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की कुतूहल नुसतं गुगल करून वाढत नाही, ज्याचा हात त्या कामाला लागतो त्याच्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं. आणि कामाशी संबंध नसलेले प्रश्नही पाळावेत. मला सध्या कात्रजच्या नळाने, म्हणजे पुण्याच्या जुन्या जमिनीखालच्या पाणीवाटेने, पछाडलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले, आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. हे वाचलं आणि पहिल्यांदा डोक्यात आमची कूलंट लाईन (मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पाईपलाईन) आली, तिच्यात एअर नेमकी कुठे अडकते हे मी आता लाईनवर चालत जाऊन बघतो.

पण एवढ्या लांबवर उतार सारखा राखला कसा? आमच्या शेजारी बिल्डिंगचं काम चालूय, तिथले गवंडी पारदर्शक पाईपात पाणी भरून लेव्हल काढतात. रविवारी त्यांच्याकडेच जाऊन बसणार आहे.