सोमवारचे किल्ले

माझे यजमान चर्चचे पाळक, आणि पाळकाला सुट्टी सोमवारी. रविवारी उपासना, संडे स्कूल, मग कुणाच्या तरी आजारपणाची विचारपूस, यातून मोकळं होईस्तोवर रात्र होते. साताऱ्यात आमचा सोमवार साठलेल्या धुण्यात जायचा. वेल्समध्ये 14 महिने मंडळीच्या सेवेला होतो, तेव्हा धुणं मशीनवर ढकललं आणि सोमवारी किल्ले पाहिले.

वेल्सला मिशनरी म्हणून जायचं म्हणजे उलटी गंगाच. 1841 मध्ये याच लोकांनी पाठवलेला टॉमस जोन्स हा मिशनरी आपल्याकडं, मेघालयातल्या खासी टेकड्यांवर, पोहोचला होता. आता वेल्समध्ये भलंमोठं देऊळ, म्हणजे चर्च, आणि बाकांवर आम्ही दोघं धरून सतरा माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. पण गायला लागली की चार आवाजांत! मी टाळ नेले होते. नाताळात ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं. टिळक शेवटची वर्षं आमच्या साताऱ्यात राहिले, हे मी तिथं भेटेल त्याला सांगायचे. कुणाला काही फरक पडत नव्हता, पण मला राहवायचं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी चौथीला. चौथीचा इतिहास म्हणजे महाराज. पावसाळा सरला की पोरांची रांग लावून अजिंक्यताऱ्यावर न्यायची, मंगळाईच्या देवळापाशी डबे सोडायचे. त्यामुळं किल्ला म्हटलं की तो आपला, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

पहिला सोमवार कारनार्व्हनचा. बाप रे, काय ते बांधकाम! इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डनं 1283 ला सुरू केलेलं. बुरूज गोल नाहीत, पैलू पाडलेले; तटाच्या दगडांत रंगीत पट्टे. राजदरवाजात एकामागं एक पाच दारं आणि वरून पडणाऱ्या सहा लोखंडी जाळ्या, असा बेत होता म्हणे. आपला दरवाजा कसा दोन बुरुजांच्या कुशीत लपतो, शत्रूला शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. यांचा समोरासमोर छाती काढून उभा. मला ते जरा अडाणीपणाचंच वाटलं, पण कॉन्वीला आठ बुरूज आणि खाली अख्ख्या गावाला सव्वा किलोमीटरचा तट बघितल्यावर गप्प बसले. हे सगळं चार वर्षांत उरकलं. गोल जिन्यात माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली. पाळकसाहेब वरून ओरडत होते, "अगं, समुद्र दिसतोय!" मी खालूनच म्हटलं, दिसू द्या.

आम्हाला गाडीतून नेणारे मंडळीतले एक आजोबा, वय 82. तिकडं आजोबांना टाइद म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते दरवाजापर्यंत सोडायचे आणि गाडीत थर्मास उघडून बसायचे. तिसऱ्या का चौथ्या सोमवारी मी म्हटलं, "टाइद, तुमचा किल्ला आम्ही बघतोय आणि तुम्ही बाहेर?"

ते म्हणाले, "आमचा नाही. आम्हाला दाबायला बांधलेला."

1282 च्या डिसेंबरात त्यांचा राजा लिवेलिन मारला गेला आणि पुढच्याच वर्षी हे किल्ले उठायला लागले. तटाच्या आत इंग्रज आणून वसवले. वेल्श माणसाला त्या गावात हक्कानं राहायची, व्यापार करायची मुभा नव्हती. 1969 मध्ये कारनार्व्हनला चार्ल्सला प्रिन्स ऑफ वेल्स केलं, सगळं जग टीव्हीला डोळे लावून बसलेलं. टाइद त्या दिवशी मेंढ्या कातरत होते. "मेंढ्यांना कळत नाही ना राजपुत्र आलाय ते," एवढंच बोलले.

मग मला विचारलं, "तुमच्या डोंगरावरचा कुणाचा?"

मी लगेच सांगितलं, आमचा. "आणि देऊळ?" त्यांनी विचारलं. तिथं मात्र माझी जीभ अडखळली. 1848 ला इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. लहानपणी शेजारच्या काकू प्रेमानंच म्हणायच्या, "जा गं, तुमच्या साहेबाच्या देवळात." मंगळाईपाशी पोरांना पोवाडा शिकवणारी मी आणि साहेबाच्या देवळात जाणारीही मीच. टाइदचं बरोबर उलटं. किल्ला साहेबाचा आणि देऊळ स्वतःचं. त्यांच्या आजोबांनी पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करून त्यासाठी पैसा पैसा दिलेला. ते देऊळ आता रिकामं पडत चाललंय आणि किल्ल्यापुढं तिकिटाला रांग. पाळकसाहेबांनी यावर एक छान प्रवचन केलं असतं. मी त्यांना करू दिलं नाही.

बोमॅरिस मला सगळ्यांत आवडला, कारण तो अपुराच राहिला. 1295 ला सुरू केला, पुढं पैसा स्कॉटलंडच्या लढायांकडं वळला. बांधणाऱ्यांनी 1296 ला खजिन्याला लिहिलेलं एक पत्र आहे: 400 पाथरवट, 2000 मजूर, पगार थकलेत, पैसे पाठवा. थकलेल्या पगाराची पत्रं मीही लिहिलीत, त्यामुळं तो कारकून मला अगदी जवळचा वाटला.

निघायच्या आधीच्या सोमवारी टाइदनी स्वतःच गाडी काढली. लानबेरिसला, तळ्याकाठी, डॉलबादार्न. एकच गोल बुरूज, पडक्या भिंती, तिकीट नाही. समोरचा डोंगर दगडाच्या खाणींनी पायऱ्या-पायऱ्यांचा कापलेला. हा वेल्श राजांचा, थोरल्या लिवेलिनचा, म्हणजे 1282 ला मारल्या गेलेल्या लिवेलिनच्या आजोबांचा. एडवर्डच्या माणसांनी इथलं लाकूड उपटून कारनार्व्हनच्या बांधकामाला नेलं. टाइद काठी टेकत आमच्या पुढं चढले. वर पोहोचल्यावर काही बोलले नाहीत, भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. मीही गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

परत येऊन महिना झाला. परवा पहाटे अजिंक्यताऱ्यावर गेले. नेहमीचे फिरायला येणारे, टॉवर, खाली धुक्यात सातारा. फोटो टाइदना पाठवला. त्यांचा उलट प्रश्न, "बांधला कुणी?" चौथीच्या बाईंना हे विचारल्यावर काय होणार? शिलाहार भोज, बहमनी, विजापूरकर, 1673 ला महाराज, 1700 ला औरंगजेब, त्यानं सुरुंग लावले त्यातला एक त्याच्याच सैन्यावर उलटला, किल्ल्याचं नाव आझमतारा ठेवलं, मग ताराराणी, मग शाहू महाराज, मग इंग्रज. तिथंच दगडावर बसून अर्धा तास टाइप करत होते.

त्यांचं उत्तर दुपारी आलं. "वर चहा मिळतो का?"