पाठीवरची गाठ, टाके आणि ड्रेसिंग

खांद्याच्या पात्याशी सुपारीएवढी गाठ बरीच वर्षं होती. दुखत नव्हती, म्हणून कोणी तिच्या वाटेला गेलं नाही. यंदा उन्हाळ्यात ती पिकली. सर्जननी आधी चिरून पू काढला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "आता शांत होऊ दे. पिकलेल्या गाठीची पिशवी अख्खी निघत नाही, आणि तुकडा जरी आत राहिला तरी गाठ परत येते." त्यामुळे खरं ऑपरेशन पुढे गेलं ते थेट चिपळूणच्या पावसाळ्यात.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बधिर करायचं इंजेक्शन झोंबतं तेवढंच. सिस्टरनी पाठीला बीटाडीन फासलं आणि सर्जन चक्क थांबून राहिले. ते वाळेपर्यंत चिरा द्यायचा नसतो म्हणे, कारण जंतू मरायला तेवढा वेळ लागतो.

पुढचं सगळं घरी, आणि तेही बायकोच्या हाती, कारण पाठीवर ना नजर पोचते ना हात. पहिलं ड्रेसिंग 48 तास उघडायचं नाही, असं बजावलं होतं. तेवढ्यात कातडीच्या कडा एकमेकींना धरतात आणि बाहेरच्या जंतूंची वाट बरीचशी बंद होते. अपवाद एकच: पट्टी भिजली तर लगेच बदलायची, कारण ओल्या गॉजमधून जंतू आरपार जातात. कोकणात, त्या दमट हवेत, हा अपवाद म्हणजेच नियम!

ड्रेसिंगमध्ये सगळ्यात आत क्लोरहेक्झिडीन लावलेली तेलकट जाळी, वर गॉज, त्यावर चिकटपट्टी. जाळीचा मोठा गुण म्हणजे ती टाक्यांना चिकटत नाही. कापूस थेट ठेवला तर त्याचे धागे अडकतात आणि काढताना नवी कातडी सोलून येते. बायको आधी साबणाने हात धुवायची, मग सलाईनने जखम पुसायची. हायड्रोजन पेरॉक्साईड घरात होतं, पण सर्जननी नको म्हटलं. तो फेस जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतो.

मला शुगर आहे, म्हणून जंतुनाशक जाळी. एरवी स्वच्छ टाक्यांना साधं व्हॅसलिनही पुरतं, असं ते म्हणाले. नंतर मी वाचलं की 1996 साली अमेरिकेत 900हून जास्त रुग्णांवर याचा अभ्यास झाला होता. त्वचेच्या ऑपरेशननंतर काहींना अँटिबायोटिक मलम लावलं, काहींना नुसतं व्हॅसलिन. जंतुसंसर्ग दोन्हीकडे अगदी थोडा, आणि फरक नोंद घेण्यासारखा नाही. औषधाच्या दुकानात हे कोणी सांगणार नाही.

आई मात्र हळदीवर अडून बसली. शेवटी हळद दुधातून घ्यायची, टाक्यांवर नाही, असा तह झाला. दही-लोणचं तिने तरीही बंद केलंच. आंबटाने जखम पिकते यावर तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

मधेच एके सकाळी बायको म्हणाली, "अहो, सगळं लाल झालंय." फोटो काढून दाखवला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सर्जननी तो बघून विचारलं, "दुखतंय की खाजतंय?" खाजत होतं. लाली टाक्यांपाशी नव्हतीच. पट्टी जिथे जिथे चिकटली होती तिथे सरळ कडांची, चौकोनी होती. ती पट्टीची ॲलर्जी. संसर्गाची लाली टाक्यांपासून बाहेर पसरते, जागा गरम लागते, ठणका वाढत जातो, पू किंवा ताप येतो. तसं काही असेल तर फोटो न पाठवता थेट दवाखान्यात यायचं. पट्टीचा प्रकार बदलला आणि खाज गेली.

पाठीची कातडी जाड आणि सतत ताणली जाणारी, म्हणून चेहऱ्याचे टाके आठवड्यात निघतात तिथे पाठीचे दहा ते चौदा दिवस ठेवतात. तपासणीला पाठवलेल्या गाठीचा रिपोर्ट साधा आला. पण टाके निघाले तरी त्या जागेची ताकद तेव्हा फार थोडी असते. पुढे महिन्यांनी भरली तरी मूळच्या साधारण 80 टक्क्यांवर थांबते. त्यामुळे गॅसचा सिलिंडर उचलायचं काम सध्या मुलाकडे गेलंय. ते परत मागायची मला काही घाई नाही.