व्यत्यासाचे पान

नववीच्या भूमितीच्या वहीत प्रमेय नेहमी उजव्या पानावर लिहायचे आणि समोरचे डावे पान त्याच्या व्यत्यासासाठी मोकळे ठेवायचे, असा आमच्या बाईंचा दंडक होता. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता सगळे उजवीकडे. सिद्धता संपली की डावीकडे 'जर'मागचे आणि 'तर'मागचे यांची अदलाबदल करून विधान पुन्हा लिहायचे आणि स्वतःला विचारायचे, हे खरे आहे का? खरे असेल तर त्याची वेगळी सिद्धता. खोटे असेल तर ते मोडणारी आकृती. "अशी एक आकृती पुरते," बाई म्हणत.

पहिली काही पाने झरझर भरली. त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्यासमोरचे कोन एकरूप असतात, उलटेही खरे. समांतर रेषा आणि व्युत्क्रम कोन यांचेही तसेच. उलटे विधान खरेच निघणार असे वर्ग धरून चालायला लागला, तेव्हा बाईंनी आयत घेतला. आयताचे कर्ण एकरूप असतात. मग कर्ण एकरूप असलेला प्रत्येक चौकोन आयत असतो का? बऱ्याच जणांनी हो म्हटले. बाईंनी फळ्यावर समद्विभुज समलंब चौकोन काढला आणि एका मुलीला कर्ण मोजायला बोलावले. कर्ण सारखे भरले. काटकोन मात्र एकही नव्हता.

एकरूप त्रिकोणांचे संगत कोन एकरूप असतात, याचा व्यत्यास तर त्यांनी खडूही न उचलता मोडला. फळ्याचा मोठा लाकडी गुण्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर कंपासपेटीतला छोटा. दोन्हींचे कोन ३०, ६० आणि ९० अंश. बाकोबा, कोबाको, बाबाबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) या एकरूपतेच्या कसोट्या आम्हांला पाठ होत्या. कोकोको ही एकरूपतेची कसोटी का नाही, ते तेव्हा डोळ्यांना दिसले.

दहावीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास शिकत होतो त्या सुमारास शाळेच्या मागे नव्या खोल्यांचा पाया आखला जात होता. बाई आम्हांला तिथे घेऊन गेल्या. गवंडीकाकांनी कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवली. कोपरा गुण्यात आला. "काकांनी कोणते प्रमेय वापरले?" बाईंनी विचारले. सगळे एका सुरात म्हणाले, पायथागोरसचे.

"नाही. पायथागोरसला काटकोन आधी लागतो. काका तर तोच शोधताहेत. त्यांच्या हातात बाजू आहेत, त्यांना हवा आहे कोन."

वर्गात परतल्यावर सिद्धता झाली, आणि माझ्या मते शालेय भूमितीत इतकी देखणी सिद्धता दुसरी नाही. दिलेल्या त्रिकोणात AC² = AB² + BC² आहे, असे फळ्यावर होते; मी ते शब्दांत सांगते. एका बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा आहे, एवढेच माहीत. या त्रिकोणाला पायथागोरस लावता येत नाही, कारण त्यात काटकोन आहे की नाही हाच तर प्रश्न आहे. म्हणून शेजारी दुसरा त्रिकोण काढायचा, मुद्दाम काटकोन करून, त्याच दोन लहान बाजू घेऊन. त्याला पायथागोरस लागतो, त्यामुळे त्याचा कर्ण आपल्या मोठ्या बाजूएवढाच निघतो. आता बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून आपल्याही त्रिकोणात काटकोन. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात ४७ वे विधान पायथागोरसचे आहे आणि शेवटचे, ४८ वे, हा व्यत्यास. तिथली युक्तीही हीच.

त्याच पुस्तकात, या विधानांच्या आधीच, मला बाईंच्या दंडकाचा फार मोठा आधार सापडला. व्युत्क्रम कोन एकरूप असतील तर रेषा समांतर असतात, हे २७ वे विधान युक्लिड त्याच्या प्रसिद्ध पाचव्या गृहीतकाशिवाय (समांतर रेषांबद्दलचे, सिद्धतेविना मानलेले विधान) सिद्ध करतो. उलटे विधान, म्हणजे रेषा समांतर असतील तर ते कोन एकरूप, २९ व्या क्रमांकावर येते आणि तिथे त्याला ते गृहीतक पहिल्यांदा वापरावे लागते. नववीत आम्ही एका दमात लिहिलेली ही जोडी! दोन्ही खरी, पण एकीला जास्तीचा आधार लागतो.

मी आज पॅथॉलॉजिस्ट आहे. पावसाळ्यात तापाचे रुग्ण रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, "डॉक्टर, प्लेटलेट्स कमी आहेत, म्हणजे डेंग्यूच ना?" डेंग्यूत प्लेटलेट्स बहुतेकदा घटतात हे खरे. पण त्या मलेरियात घटतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये घटतात, इतर विषाणूंच्या तापातही घटतात. शिवाय काही जणांच्या रक्तात ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन आकडा कमी दाखवते. शरीरात त्या पुरेशा असतात. म्हणून आकडा अनपेक्षितपणे कमी आला की मी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेते. पुंजके दिसले तर रुग्णाला थांबवून सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायला सांगते, आणि दुसरा आकडा येईपर्यंत रिपोर्टवर सही करत नाही.