बोर्डासमोर ती नीट चालली

परवा रात्री पुन्हा तेच झालं. धानाची रोवणी सुरू आहे, दिवसभर झड लागून होती, माझी लहानी बहीण, तिला सिकलसेल आहे, फक्त डबा द्यायला बांधीवर गेली, चिखलात उतरली पण नाही, भिजली तेवढी, आणि रात्री अकराच्या सुमारास मांडीपासून जे सुरू झालं ते पाठीपर्यंत गेलं. माय तव्यावर फडकं गरम करून शेक देऊन राहिली, मी तांब्यानं पाणी पाजून राहिलो कारण डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि ही उशीचा कोपरा दातात धरून भिंतीकडे तोंड करून पडलेली. आता ती ओरडत नाही. लहानपणी ओरडायची तर आजूबाजूचे गोळा व्हायचे. आता म्हणते ओरडून दुखणं काही कमी होत नाही, मायलाच झोप येत नाही.

सकाळी नऊ वाजता तीच पोरगी अंगणात वेणी घालत बसली होती. रस्त्यानं जाणाऱ्याला सांगितलं असतं की रात्री ही उशी दातात धरून पडली होती तर खरं वाटलं नसतं. मला जे लिहायचंय ते एवढ्यावरच आहे.

आमच्या भागात, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या धानपट्ट्यात, सिकलसेल हा शब्द कोणाला समजवावा लागत नाही, तिकडे मेळघाटातही तसंच. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं रक्त पोचत नाही म्हणून जीव जाईल असं दुखतं. थंडी, पाऊस, ताप, उन्हातान्हात पाणी कमी पडणं, काहीही निमित्त पुरतं. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे दोष अंगात असून स्वतः आजारी नसले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे खुद्द आजारी, निघण्याची शक्यता २५ टक्के. आमच्या घरी मी वाहक निघालो आणि लहानी एसएस. माझ्या मायला याच्यासाठी नातेवाईकांनी किती वर्षं बोलून घेतलं ते मी इथं लिहीत नाही. वाहक तर बाबूजीही होते, पण त्यांना कोणी शब्दानं बोललं नाही.

मी गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, स्कॉलरशिप, आणि यूडीआयडीचे म्हणजे दिव्यांग कार्डाचे फॉर्म. त्यामुळं कायदा मला कॉलेजात नाही, फॉर्म भरता भरता कळला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ चा नवा कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात प्रकार २१ झाले. त्या २१ मध्ये हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा घरी जाऊन लहानीला दाखवली होती. तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, म्हणजे मी नाटक करत नाही असं सरकारनं लिहून दिलं. तेव्हा ती शाळेत होती आणि तिथं खेळाच्या तासाला बसून राहते म्हणून तिला कामचुकार म्हणायचे.

मग तिच्या दिव्यांग सर्टिफिकेटसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. पहाटेच्या गाडीनं निघून साडेआठला लाइनीत लागलो, नंबर आला दुपारी दीड वाजता. आत बोर्डाचे तीन डॉक्टर होते. एकानं रिपोर्ट पाहिला, दुसऱ्यानं म्हटलं, "चालून दाखव बेटा." ती दारापासून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. नीट चालली. त्या दिवशी तिला काही दुखत नव्हतं तर ती कशी लंगडणार होती? डॉक्टर चांगल्या आवाजातच म्हणाले, "चांगली चालते की." अपंगत्वाचे टक्के आले चाळीसच्या खाली, आणि चाळीसच्या खाली म्हणजे हातात कागद येतो पण त्यावर योजना जवळपास मिळत नाहीत. परत येताना एसटीत ती खिडकीकडे पाहत बसली होती, एकदम म्हणाली, "भाऊ, मी लंगडायला पाहिजे होतं का?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही. आज सांगतो, नाही. चूक तिच्या चालण्यात नव्हती, मोजण्यात होती. पाय नसला, डोळा नसला तर तो कोणत्याही दिवशी पाहिला तरी तसाच दिसतो. सिकलसेल त्या दिवशी दिसेलच असं नाही. तो वर्षभरात मोजावा लागतो, म्हणजे किती वेळा भरती झाली, किती पिशव्या रक्त चढलं, किती रात्री गेल्या, खुब्याचं हाड किती झिजलं, शाळेचे किती दिवस बुडले. नियमांत याचा विचार आहे, पण समोर बसलेल्या माणसाला घाई असते, बाहेर दीडशे लोक उभे असतात, आणि आपल्याकडं कागद नसतात.

म्हणून हे वाचणाऱ्या सिकलसेलवाल्या घरांना हात जोडून सांगतो, कागद फेकू नका. डिस्चार्ज कार्ड, रक्तपेढीची चिठ्ठी, पीएचसीतल्या इंजेक्शनची नोंद, सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मिळतात त्याचं कार्ड, सगळं एका फाइलीत तारखेनं लावा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही अशी फाइल घेऊन गेलो होतो, आमच्या आशाताईनं जुन्या रजिस्टरातल्या तारखा काढून दिल्या म्हणून ती भरली, आणि तेव्हा चाळीसच्या वर टक्के मिळाले. पण ते सर्टिफिकेट तीन वर्षांचं. आधी तर एकाच वर्षाचं मिळायचं, तीन वर्षं झालं हीच मोठी सुधारणा. जन्मापासून असलेला, मरेपर्यंत राहणारा आजार, त्याला दर तीन वर्षांनी पुन्हा त्याच लाइनीत उभं राहून सिद्ध करायचं. हे एकदाच आणि कायमचं झालं पाहिजे, माझी पहिली मागणी हीच आहे.

सवलती आहेत, नाहीत असं मी म्हणणार नाही. साध्या एसटीत सिकलसेलच्या पेशंटला प्रवास फुकट आहे. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना १५०० मिळायचे ते २५०० झाले. दहावी-बारावीच्या पेपरला तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, पण आमच्या लहानीला ती मिळाली नाहीत, कारण शाळेत कोणाला हे माहीतच नव्हतं आणि मलाही तेव्हा नव्हतं, बारावीचा इतिहासाचा पेपर तिनं बोटं सुजलेली असताना लिहिला, शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. पास झाली, पण ते दोन प्रश्न तिला आजही येतात, विचारून पाहा. एसटीत सीट मागितली की बाजूच्या बाया म्हणतात, धडधाकट पोट्टी दिसते. रोजच्या रोज किती जणांना फाइल दाखवायची?

आणि नोकरीचं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मुक्त विद्यापीठातून बीए करून तिनं क्लार्कच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला, आणि माझ्याच सेंटरवर, माझ्याच कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला बसलो. दिव्यांग आहे का, हो. टक्के किती, टाकले. प्रकार निवडा, तर त्या यादीत सिकलसेल कुठं सापडेना. मला वाटलं साइटची गडबड असेल. मग कायदाच उघडून वाचला. कलम ३४, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, त्यात अंध आणि कमी दिसणारे, कर्णबधिर, हातापायाचे अपंगत्व आणि त्यातच सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगातून बरे झालेले, बुटकेपणा, ॲसिड हल्ला, स्नायूंचा आजार, मग ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता, मानसिक आजार, आणि एकापेक्षा जास्त असलेले. रक्ताचे आजार त्यात नाहीत. उच्च शिक्षणाच्या ५ टक्के जागांत चाळीस टक्क्यांवरचा कोणताही दिव्यांग येतो, म्हणजे तिला शिकायला जागा आहे आणि शिकून झाल्यावर नोकरीत नाही. एकाच कायद्यात.

मी हे तिला लगेच सांगितलं नाही, दोन दिवस लपवलं. तिनं स्वतः शोधून काढलं आणि ओपनमधल्या मुलींसोबत फॉर्म भरला. आता पहाटे चारला उठून अभ्यास करते, दुखलं की मध्ये आठ-दहा दिवस जातात, पुन्हा पहिल्यापासून. शेतातली रोवणी तिच्यानं होत नाही, तेंदूच्या हंगामात उन्हात जाता येत नाही, आमच्याकडं बाईमाणसाला जी मजुरी मिळते ती सगळी पाण्यात नाहीतर उन्हात. बसून करायची नोकरी या पोरींना सगळ्यात आधी पाहिजे, आणि नेमकी तिथंच यादी संपते. कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार घाला, ही दुसरी मागणी. संसदेचं काम आहे, मला कळतं, पण आमच्या खासदारांनी एकदा तरी विचारावं.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल संपवण्याचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार घालवायचा, ७ कोटी लोकांची तपासणी. चांगलं काम आहे, तपासणी झालीच पाहिजे, लग्नाआधी तर नक्की. पण भिंतीवरचं ते पोस्टर लहानी वाचते तेव्हा मी तिच्याकडं पाहू शकत नाही. आजार पुढं येऊ नये याच्यावर बोलायला सगळे आहेत, ज्यांच्या अंगात तो आलाच आहे त्यांनी २०४७ पर्यंत कसं जगायचं याच्यावर कोण बोलतं?

१ मेच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते कुठं गेले म्हणून विचारलं. उत्तर आलं, आपल्या गावात दिव्यांग दोनच, त्यांना दिवाळीला दिले. मी म्हटलं सिकलसेलवाले धरले का? मागून कोणी तरी म्हणालं, "ते तं दुखणं हाय, अपंग कुठं हाय थे?" थोडे लोक हसले. तेवढ्यात आमच्या शेजारचे काका उठले, पोलिओनं एक पाय गेलेले, त्या दोघांतले एक. काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "माझा पाय लुळा हाय बापा, पण दुखत नाही. त्या पोरीचं मी रातच्याला आयकतो, माझं घर लागूनच हाय. तिचं नाव घ्या आधी." मग कोणी हसलं नाही. आशाताईचं रजिस्टर तिथंच मागवलं, सात एसएस निघाले, सात जणांची नावं ठरावात आली.

त्या सातपैकी चौघांकडं यूडीआयडी नाही. दोघांचे फॉर्म मी भरलेत, पैसे घेतले नाहीत. तिसरा सोळा वर्षांचा पोरगा आहे, तो मामाकडं गेलाय. चौथी मुलगी एकोणीसची, तिचे बाबूजी गेल्या आठवड्यात आले, सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाले, कार्डावर सिकलसेल लिहिलं तर सोयरीक कशी जुळंल. मी म्हटलं, दादा, सोयरिकीच्या आधी तपासणी होणारच हाय, लपून राहत नाही हे, आणि तिला शिकायचं असलं तर ५ टक्क्यांत जागा हाय. लहानी आत बसली होती, ती बाहेर आली आणि स्वतःचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते बराच वेळ कार्ड पाहत राहिले, फोटो पाहिला, मागची बाजू पाहिली. मग कोरा फॉर्म मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले रोवणी आटोपली की येतो.

अजून त्यांच्या दोन बांध्या राहिल्या आहेत.