तळ्यावरचं खुराडं

शेततळ्यातला मासा गुदमरतो तो पहाटे. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही पाण्यातला प्राणवायू खातात, नवा काही तयार होत नाही, आणि उजाडायच्या सुमाराला तो सगळ्यात कमी झालेला असतो. त्यामुळे मत्स्यबीज विकून वर सल्लाही देणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोन अंधारातच वाजतात. श्रावणात सलग झाकोळ धरला की हमखास.

हा फोन सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्या तात्यांचा. "सर, मासं समदं वर आल्यात, आ करत्यात. मोठालं कटलं तर पालथं पडल्यात. भावकीनं औषध टाकलंय बघा."

मी निघता निघता दोनच गोष्टी सांगितल्या : खाद्य टाकू नका, आणि डिझेल इंजिन लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा. त्या आठवड्यात थ्री-फेज दिवसा होती, म्हणजे पहाटे मोटारीचा उपयोग शून्य.

तळं तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घातलेलं. तात्या हाताचे फार हुशार. कागदाच्या उतारावर दोर बांधून जुने टायर सोडलेले, कुणी घसरून पडलंच तर धरून वर यायला. (शेवाळलेल्या कागदावरून पोहणाऱ्यालाही चढता येत नाही, हे टायर मला प्रत्येक तळ्यावर हवेत.) पाणकावळ्यांसाठी वर चकाकत्या फिती ताणलेल्या. बांबूला भोकं पाडलेली पोती टांगून त्यांत भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड, ही आंध्रातल्या तळ्यांची रीत. रात्री किडे पडावेत म्हणून पाण्यावर एक बल्ब. आणि सगळ्यात नवी सुधारणा म्हणजे बांधावरून तळ्यावर काढलेलं, बांबूच्या फळ्यांचं कोंबड्यांचं खुराडं. विष्ठा थेट पाण्यात.

बांधावर आठ-दहा माणसं जमलेली. एक पुतण्या पोलिसांत जायच्या तयारीत.

मी म्हटलं, थांबा. मेलेत ते सगळे मोठे कटले. मागून सोडलेली रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कडेला आ करतायत, पण जिवंत आहेत. औषध असतं तर त्यानं लहान-मोठं पाहिलं नसतं, उलट लहान आधी गेले असते. प्राणवायू संपतो तेव्हा मोठा मासा आधी जातो.

पटेना कुणाला. मग काचेच्या दोन बाटल्या काढल्या. एकीत वरचं पाणी भरलं. दुसरीला दगड बांधून बुचाला दोरी लावली, तळाशी सोडली आणि तिथंच बूच ओढलं. दोन्हींत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे थेंब टाकून हलवल्या. पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी गाळ बसतो. वरच्या बाटलीत फिक्कट चहासारखा रंग आला. तळाच्या बाटलीत बसला तो पांढराफेक गाळ. प्राणवायू जवळजवळ नाहीच. पुतण्यानं बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि काही न बोलता तात्यांकडे दिली.

मातीच्या तळ्यात कोंबड्यांचं जमतं, तिथली माती बरंच काही पचवते. कागदावर पडलेलं तिथंच कुजत बसतं, आणि कुजताना प्राणवायू ओढतं. वर पाणी इतकं गर्द हिरवं, की मनगट बुडायच्या आत तळवा दिसेनासा. त्यात ऊन नाही, म्हणजे दिवसाही शेवाळाकडून नवा प्राणवायू फारसा होत नाही.

इंजिन सुरू होतं, पण पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह तळाला टेकलेला. तेच घाण पाणी वर येत होतं, वासही सुटला होता. रिकामा कॅन बांधून तो हातभर खोलीवर तरंगत ठेवला. वरच्या पाइपाच्या टोकाला भोकं पाडलेला पीव्हीसीचा तुकडा लावला. उजाडल्यावर वीज आली तसं विहिरीचंही पाणी सोडलं, पण थेट नाही : विहिरीच्या पाण्यातही प्राणवायू कमीच असतो, म्हणून भाजीच्या क्रेटमध्ये खडी भरून त्यावरून पाडलं. नऊच्या सुमारास मासे खाली गेले. मेलेले कटले दोन घमेली भरून निघाले.

आपल्याकडे तळ्यात घालायच्या वस्तू सगळे सुचवतात, तळातून काढायची सोय कुणी करत नाही. तात्यांचं तळं अर्धं जमिनीच्या वर आहे, त्यामुळे तीन इंची पाइप बांधावरून टाकून, पाण्यानं भरून, दोन्हीकडे व्हॉल्व्ह लावून सायफन करता आला. विजेचं काम नाही. तळाचं काळं पाणी आता डाळिंबाला जातं, त्याच्या बदल्यात विहिरीचं तेवढंच येतं. ह्याची मी फक्त आकृती काढून दिली, पाइपाच्या तळाकडच्या टोकाला जाळी आणि वजन लावायची अक्कल त्यांची.

खुराडं बांधाच्या पलीकडे गेलं. बल्ब ठेवला, त्यानं काही बिघडत नाही. झाकोळ असला की पोती रिकामी राहतात. भावकीशी बोलणं अजून बंदच आहे, पण ते बांधाच्या भांडणावरून.