वाचता न आलेले निवेदन

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक फेब्रुवारी 2014 मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि पुढे सामाजिक न्याय व सक्षमीकरणाच्या स्थायी समितीकडे छाननीसाठी गेले. समितीला लेखी निवेदने देणाऱ्या अनेक संस्थांमध्ये आमचीही होती. तोंडी साक्षीचे बोलावणे आले तेव्हा आम्ही दोघांनी जायचे ठरले: कलमवार मसुदा तयार करणारा मी आणि आमची एक दृष्टिहीन सहकारी.

साक्ष सुरू होण्यापूर्वी लोकसभा अध्यक्षांचा निर्देश 58 वाचून दाखवला गेला. साक्ष जाहीर मानली जाईल, एखादा भाग गोपनीय ठेवायचा असल्यास साक्षीदाराने तसे सांगावे, मात्र तोही संसद सदस्यांना उपलब्ध होऊ शकतो, असा त्याचा आशय. बैठक बंद दाराआड होते आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत तिथल्या कामकाजाविषयी बाहेर बोलता येत नाही. मोर्चे आणि पत्रकार परिषदा यांची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना हे बंधन सुरुवातीला जड वाटते. पण त्या खोलीत सदस्य आपापल्या पक्षाची भूमिका बाहेर ठेवून प्रश्न विचारताना मी पाहिले आणि त्यानंतर या गोपनीयतेबद्दल माझी तक्रार उरली नाही.

मी सुगम्यतेच्या, म्हणजे इमारती, सेवा आणि माहिती दिव्यांगांना वापरता येण्याच्या, कलमांवर बोललो. मुदत आणि मानके कायद्यातच बंधनकारक असावीत, ती पुढच्या मार्गदर्शक सूचनांवर सोडू नयेत, एवढाच आमचा मुख्य आग्रह होता. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "खात्यांची इच्छा असेल तर सूचनाही पुरतील. सक्ती कशासाठी?"

मी उत्तर देणार तोच सहकारीने हात पुढे केला. तिच्या समोर ब्रेलमध्ये काढलेली टिपणे होती. त्यांवरून तिचे बोट एकदा सावकाश फिरले, मग तिने कागद बाजूला सारले. "अध्यक्ष महोदय, तुमच्यासमोर असलेले आमचे निवेदन मला वाचता आलेले नाही," ती म्हणाली. "सह्या झाल्यावर ते स्कॅन करून आम्हा सगळ्यांना पाठवले गेले. चित्र असल्यामुळे माझ्या स्क्रीन रीडरने एक शब्दही उच्चारला नाही. पाठवणारे माझेच लोक आहेत, त्यांची नियत माझ्याबद्दल चांगलीच आहे. तरी असे झाले."

निवेदन स्कॅन करून पाठवणारा मीच होतो. इतकी वर्षे या कामात असून माझ्या हे लक्षात आले नव्हते, याची लाज वाटली, आजही वाटते. पण सदस्यांनी त्यानंतर विचारलेले प्रश्न मात्र बदलले: मजकूर वाचता येण्याजोगा आहे हे कोण तपासणार, किती दिवसांत, तक्रार कोणाकडे. संस्थांनी संसदेला द्यायला हवी ती हीच माहिती, असे माझे ठाम मत आहे. मागण्यांची यादी समितीकडे पुष्कळ येते; कलम प्रत्यक्षात कुठे अडते हे ज्याच्यावर बेतले आहे त्याच्याकडूनच कळते, आणि त्यात संस्थेची स्वतःची चूक असेल तर तीही सांगावी लागते.

काही दिवसांनी साक्षीचा शब्दशः वृत्तांत दुरुस्तीसाठी आमच्याकडे आला. अशा वेळी ऐकण्या-टिपण्यातल्या चुका सुधारता येतात, आशय बदलता येत नाही. मी तो सगळा टंकून सहकारीला पाठवला. ब्रेलवरून बोट फिरले ते क्षण त्यात कुठेच नव्हते. तिची वाक्ये मात्र जशीच्या तशी होती.

समितीचा अहवाल मे 2015 मध्ये आला. डिसेंबर 2016 मध्ये कायदा संमत झाला आणि त्याच्या कलम 46 मध्ये सेवा पुरवणाऱ्यांना त्या सुगम करण्यासाठी, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत घातली गेली. 2017 च्या नियमांतील नियम 15 ने मात्र मानकांसाठी पुन्हा मार्गदर्शक सूचनांचाच आधार घेतला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके ठरवण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिने दिले. बातमी कळताच मी सहकारीला फोन केला. तिने निकालाची प्रत आधीच उघडली होती आणि स्क्रीन रीडर नियम 15 वरचा परिच्छेद वाचत होता.